हलकी पण न वाकणारी दांडी, आणि एनएसजीए-२

भिंतीतून बाहेर आलेली लोखंडी दांडी, टोकाला वजन टांगलेलं. दांडी हलकी हवी आणि कमी वाकायला हवी. जाडी वाढवली की वाकणं घटतं, पण वजन वाढतं. मग ‘सर्वोत्तम’ असं एकच उत्तर उरतच नाही. उरते ती उत्तरांची रांग, म्हणजे पॅरेटो फ्रंट.

ही अख्खी रांग एका दमात शोधायला उत्क्रांती अल्गोरिदम हाताशी हवेत, कारण ते मुळातच उत्तरांची पिढी घेऊन चालतात. त्यातला माझा लाडका एनएसजीए-२. आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमय देब आणि सहकाऱ्यांनी घडवलेला, शोधनिबंध २००२चा.

समजा, १०० उत्तरं आहेत. संकर आणि किरकोळ फेरफार करून आणखी १०० तयार करायची. आता २००मधून १०० ठेवायची. ज्याच्याहून एका बाबतीत सरस आणि दुसरीत निदान बरोबरीचं असं कोणीच नाही, ते पहिल्या स्तरात. ती बाजूला काढून उरलेल्यांतून दुसरा स्तर, मग तिसरा. शेवटच्या स्तरात जागा कमी पडल्या की दाटीवाटीतल्यांना डच्चू, सुट्या उत्तरांना प्रवेश. म्हणून रांग एका कोपऱ्यात गोळा होत नाही. जुन्या-नव्यांची एकत्र निवड हीच खरी करामत, १९९४च्या मूळ आवृत्तीत ती नव्हती!

उद्दिष्टं चार-पाच झाली की मात्र जवळपास सगळेच पहिल्या स्तरात जाऊन बसतात. त्यावर २०१४मध्ये एनएसजीए-३ आला. पायथॉनच्या पायमू लायब्ररीत दोन्ही आहेत. सुरुवात झेडडीटी-१ या चाचणी-गणितावर करा. त्याचा खरा फ्रंट आधीच माहीत असतो, त्यामुळे गडबड लगेच पकडता येते.