समुद्रकाठचा एक दिवस, सावकाशीने



रब्बीच्या पेरण्या उरकल्या, पहिले पाणी देऊन झाले, की संक्रांतीपर्यंत हाताला थोडी उसंत मिळते. या दिवसांत घरातल्या सर्वांनी मिळून एकदा समुद्र पाहून यावे, असे मी सुचवतो. घाटावरच्या आपल्या खेड्यांत पंढरीची वारी पायी करणाऱ्या आजीबाई आहेत. पण समुद्र कधी न पाहिलेल्याही आहेत. निदान त्यांच्यासाठी तरी निघा.

मात्र एक अट आहे. दहा ठिकाणे एका दिवसात उरकू नका. शेतकऱ्यांच्या सहली घेऊन मी पुष्कळ हिंडलो. पहिल्या सहलीत ही चूक मीच केली. दिवसात आठ ठिकाणे दाखवली. परतताना काय पाहिले म्हणून विचारले, तर मंडळींना आठवत होते ते माझे घड्याळ आणि "चला, चला" ही हाक!

म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातला दापोली ते हर्णै हा एकच रस्ता निवडा. लांबी जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर. आदल्या रात्री दापोलीस मुक्काम करा, एस.टी.च्या वेळा स्थानकावर विचारून ठेवा आणि सकाळी निघा. दापोलीचे कृषी विद्यापीठ पाहण्यासारखे आहे, पण ते दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

आधी पंचांग पाहा

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा; म्हणजे सकाळी व संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला जोर असतो. तेव्हा लेकराबाळांना घेऊन जायचे तर अष्टमीच्या आगेमागे जावे.

वाडीत उतरा

पहिला थांबा आसूद. रस्ता सोडून पायवाटेने खाली उतरलात की नारळी-पोफळीची दाट सावली लागते. ओढा ओलांडून पायऱ्या चढल्या की केशवराजाचे देऊळ. तेथे दगडी गोमुखातून झऱ्याचे पाणी पडत असते. दर्शन घ्या, पाणी प्या आणि परतताना वाडी नीट न्याहाळा. वर नारळ, मध्ये पोफळ, खाली केळ, जायफळ आणि पोफळीच्या अंगावर चढलेला मिरीचा वेल. आपण जमीन लांबी-रुंदीने मोजतो; वाडीवाला ती उंचीनेही वापरतो. पाट कोठून काढला, आळी कशी केली, झावळांचे आच्छादन कोठे घातले, हे गाडीच्या खिडकीतून दिसत नाही.

मुरूडची पुळण

अकराच्या सुमारास मुरूडला पोहोचा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. परीक्षेसाठी ते येथून कुंभार्ली घाटाने साताऱ्यापर्यंत पायी गेले होते. वय लहान दिसते म्हणून त्यांना बसूच दिले नाही. त्याच कर्व्यांनी पुढे १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. मुलींना ही हकिकत येथेच सांगा.

ओहोटीला लांबरुंद पुळण उघडी पडते. अनवाणी चाला, पण पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नका. पोहणारा गडीही समुद्रात फसतो; विहिरीतले पोहणे येथे कामाला येत नाही.

मग गावातल्या वाड्या पाहा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या काही तासांत आडव्या केल्या. आपले पीक गेले तर पुढच्या हंगामाची आशा असते. येथे वाडवडिलांनी लावलेली झाडे गेली. आणि नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षे, बाणवली नारळाला सहा-सात वर्षे लागतात. वादळानंतर मी एका वाडीत गेलो होतो. सत्तरीच्या आजी पडलेल्या झाडांमध्ये रोपांसाठी खड्डे खणवून घेत होत्या. मी म्हटले, "आजी, याला फळ यायला वेळ लागेल." त्या म्हणाल्या, "पडलेली मी कुठे लावली होती? खाल्ली मात्र आम्हीच." मला पुढे बोलता आले नाही. एका हंगामाच्या नुकसानीने खचणाऱ्या आपल्या माणसांना मी तेव्हापासून ही गोष्ट सांगतो.

हर्णैची संध्याकाळ

चारच्या सुमारास हर्णै बंदर गाठा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे १७५५ साली पडले. होड्या किनाऱ्याला लागतात, मासळी उतरते आणि वाळूवरच लिलाव सुरू होतो. आपल्या बाजार समितीतला लिलाव आठवेल. येथेही माल नाशवंत, आणि पिकवणारा व घेणारा समोरासमोर! खरेदी करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नका, इतकेच.

मग कडेला बसून सूर्यास्त पाहा. घाई करू नका. शेवटच्या एस.टी.ची वेळ तेवढी ध्यानात ठेवा.

निघताना शहाळी, सुपारी, कोकम घ्यायचे ते वाडीवाल्याकडूनच घ्या. आणि एक विनंती. या किनाऱ्यावर येणारे पुष्कळजण वाडीवाल्याला जागेचा भाव विचारतात. आपण शेतकरी आहोत. आपण रोपे कोणत्या साली लावली, ते विचारावे.