जुन्या टेपला मोबाइलची वाट

मांडव्याला रो-रोतून उतरून चौल, रेवदंड्यामार्गे मुरुडकडे जाणाऱ्या जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर अजूनही कधीकधी कंपनीने बसवलेला कॅसेटचा टेप दिसतो. अॅम्प्लिफायर धडधाकट, स्पीकर खणखणीत. फक्त मोबाइलमधल्या गाण्यांना आत शिरायला वाट नाही. एवढ्यासाठी अख्खा टेप मोडीत काढायचे कारण नाही.

बहुतेक जण आधी लायटरच्या खोबणीत बसणारा एफएम ट्रान्समीटर घेतात. मोबाइलचा आवाज तो ८८ ते १०८ मेगाहर्ट्‌झमधल्या एखाद्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो आणि टेपमधला रेडिओ तो पकडतो. अलिबागच्या किनाऱ्यावर मात्र त्याची पंचाईत होते. एफएम लहरी साधारण सरळ रेषेत जातात आणि मुंबई ते मांडवा मध्ये फक्त पाणी आहे. त्यामुळे ९१.१, ९३.५, ९८.३ ही मुंबईची केंद्रे इथे जोरात लागतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन लहरी आल्या, तर रिसीव्हर बलवान लहर धरतो आणि दुबळी जवळजवळ पुसून टाकतो. त्यात हरतो तो गाडीतला चिमुकला ट्रान्समीटर.

कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर याहून सरस. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटचे माप जगभर एकच राहिले, म्हणून तो कुठल्याही कंपनीच्या डेकमध्ये बसतो. त्यात एक छोटे हेड असते. मोबाइलमधून आलेल्या विद्युतसंदेशाचे ते बदलत्या चुंबकीय क्षेत्रात रूपांतर करते आणि समोरचे टेपचे हेड ते फितीवरून आल्यासारखे वाचते. एकही तार न कापता काम होते. मात्र डेकचे रबरी पट्टे कडक झाले असतील किंवा आत वाळू गेली असेल, तर हाही मार्ग बंद.

मग उरतो सोल्डरिंगचा मार्ग, आणि खरी मेख तिथेच आहे. मोबाइलची तार थेट हेडच्या टोकांना जोडण्याचा मोह होतो. हेडमधून निघणारा संदेश जेमतेम मिलिव्होल्टच्या काही अंशांएवढा असतो. मोबाइलचा अर्ध्या-एक व्होल्टपर्यंत जातो. शिवाय हेडचा संदेश वाढवणारा प्रीअॅम्प फितीवरचा आवाज समतोल करण्यासाठी खालचे सूर मुद्दाम चढवतो. त्यात मोबाइलचा संदेश घातला की नुसती फाटकी घुमघुम ऐकू येते. म्हणून जोड प्रीअॅम्पच्या पुढे, आवाजाच्या नियंत्रणाच्या अलीकडे द्यावा लागतो. डाव्या-उजव्या दोन्ही वाटांवर एकेक कपॅसिटर घालायचा, म्हणजे सर्किटमधला डीसी दाब मोबाइलकडे जात नाही आणि गाणे मात्र पार होते. प्रीअॅम्पची मूळ वाट तोडणारा एक स्विच ठेवला की कॅसेटही वाजत राहते. काही टेपच्या पाठीमागे सीडी चेंजरचे सॉकेट असते. तिथे चेंजर असल्याचा आभास निर्माण करणारे मॉड्यूल लावले की कापाकापी टळते.

ब्लूटूथ रिसीव्हर बसवायचा तर त्याला ५ व्होल्ट लागतात. गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १४ व्होल्ट देतो, म्हणून मध्ये कन्व्हर्टर हवा. पुरवठा किल्लीसोबत चालू-बंद होणाऱ्या तारेवरून, फ्यूज घालूनच घ्यावा. घड्याळाच्या कायम चालू तारेवरून घेतला, तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरते. अॅक्सिलरेटर दाबताना चढत जाणारी शिट्टी ऐकू आली, तर संशय अर्थिंगवर घ्यावा. टेप आणि रिसीव्हर दोन वेगळ्या जागी अर्थ केले की त्यांच्यातल्या सूक्ष्म दाबफरकातून अल्टरनेटरचा आवाज गाण्यात मिसळतो. दोघांना एकाच ठिकाणी अर्थ देणे किंवा ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणे, हे त्यावरचे उपाय.

रायगडच्या किनाऱ्यावर आणखी एक शत्रू आहे, खारी हवा. आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण हवेतली ओल शोषून आपोआप विरघळतात, आणि पावसाळ्यात इथे ती याहून वर असणे नेहमीचेच. त्या खाऱ्या पाण्याच्या थराने तांब्याच्या पिना हिरव्या पडतात आणि आवाज खरखरतो. म्हणून तारा पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या जोडापेक्षा राळेच्या फ्लक्सने केलेले सोल्डर चांगले. आम्लयुक्त फ्लक्स तर वापरूच नये. जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि उघड्या सॉकेटला रबरी टोपी लावावी.