खोका म्हणतो १२००, वायर म्हणते १००!

तुमच्या वाय-फाय राऊटरचा खोका अजून माळ्यावर असेल, तर जरा खाली काढा. ‘एसी१२००’ असं काहीतरी ठसठशीत छापलेलं दिसेल. आता यातला फंडा असा की, १२०० ही दोन बँड्सची बेरीज आहे. २.४ गिगाहर्ट्झचे ३०० मेगाबिट्स आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७. (११६७ चे १२०० कसे झाले, ते मार्केटिंगवाल्यांना विचारा!) तुमचा लॅपटॉप यातल्या एकाच बँडवर असतो. खरी गंमत खोक्याच्या मागे, बारीक अक्षरांत. या वर्गातल्या बऱ्याच स्वस्त राऊटर्सचे वायरचे पोर्ट असतात फक्त १०० मेगाबिटचे. म्हणजे २०० चा प्लॅन घेतलात, तर त्यातला निम्मा स्पीड दारातच अडकणार. पैसे मात्र पूर्ण!

हे सगळं मी खोदत बसले ते एका मैत्रिणीमुळे. ती लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. कोथरूडच्या नव्या फ्लॅटचं इंटिरिअर सुरू होतं आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, ‘‘मॅडम, हल्ली सगळं वायरलेस. भिंती कशाला फोडताय?’’ भिंत एकदा बंद झाली की दहा वर्षं उघडत नाही, त्यामुळे प्रश्न सीरियस होता.

मग आम्ही हिशोब मांडला. तिचं एका लग्नाचं फुटेज ५० जीबी. बाइटचे बिट करायला गुणिले आठ, झाले ४०० गिगाबिट. १०० मेगाबिटच्या लाइनवर हॉलमधल्या स्टोरेजवरून बेडरूममध्ये यायला तासाहून जास्त. गिगाबिट वायरवर सात मिनिटं. १० गिगाबिटवर कागदोपत्री ४० सेकंद, पण तिथे साध्या हार्ड डिस्कलाच दम लागतो. तो खर्च बाद!

आणि वाय-फाय? त्याचं पंगतीसारखं आहे. वाढपी एकच, पानं अनेक. टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळे आळीपाळीने. त्यात स्लॅब-भिंती आडव्या आल्या की छापील आकड्याचा निम्मा हाती लागला तरी नशीब. स्विचला जोडलेल्या वायरवर प्रत्येकाला स्वतंत्र वाढपी, शिवाय जाणं-येणं एकाच वेळी.

ही वायर तशी म्हातारी. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये रॉबर्ट मेटकाफने इथरनेट सुचवलं, तेव्हा स्पीड होता २.९४ मेगाबिट. पुढे आयबीएमची टोकन रिंग १६ मेगाबिट देत होती आणि इथरनेट १०, तरी जिंकलं इथरनेटच. कारण? स्वस्त आणि सुटसुटीत. १९९५ ला १०० मेगाबिट, १९९९ ला साध्या तांब्याच्या वायरवर गिगाबिट. त्याच १९९९ मध्ये वाय-फाय ११ वर होतं.

मैत्रिणीने भिंत फोडली. कॅट-सिक्स वायर टाकली, सोबत एक रिकामा पाइपही. लॅपटॉप जोडला, तर स्पीड १०० च! प्लग उघडून बघितला. इलेक्ट्रिशियनने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या. १०० मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. दादांनी दहा मिनिटांत नवा प्लग बसवला आणि स्क्रीनवर आलं : १ जीबीपीएस.