किशोरवयीन विद्यार्थ्यांमधील रक्तक्षय आणि महाविद्यालयाची जबाबदारी : सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रास्ताविक :

किशोरावस्था हा बाल्य आणि प्रौढत्व यांना जोडणारा संक्रमणकाळ होय. जागतिक आरोग्य संघटनेने १० ते १९ वर्षे हा वयोगट किशोरवयीन मानला आहे. या व्याख्येनुसार पदवीच्या प्रथम व द्वितीय वर्षातील बहुसंख्य विद्यार्थी किशोरवयीनच ठरतात. तथापि किशोरांचे आरोग्य हा शाळेचा विषय आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असल्याने महाविद्यालयीन स्तरावर त्याची फारशी चर्चा होत नाही. तासाला डुलकी घेणारी, जिना चढताना दम लागणारी, परेडच्या वेळी चक्कर येऊन बसणारी विद्यार्थिनी आपण रोज पाहतो. परंतु त्याचे कारण आपण बहुधा आळस, जागरण किंवा उपवास यांत शोधतो. अनेकदा ते कारण रक्तातील हिमोग्लोबिनच्या कमतरतेत, म्हणजेच रक्तक्षयात असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा सोलापूर जिल्ह्याच्या संदर्भात विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१) किशोरवयातील रक्तक्षयाचे स्वरूप व कारणे स्पष्ट करणे.
२) शासकीय योजनांची व्याप्ती व त्यातील उणीव लक्षात घेणे.
३) महाविद्यालयाला आपल्या पातळीवर करता येण्याजोगे उपाय सुचविणे.

रक्तदान शिबिर : एक दुर्लक्षित चाचणी

महाविद्यालयात विद्यार्थ्यांच्या हिमोग्लोबिनची तपासणी होण्याचा प्रसंग बहुधा एकच असतो, तो म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे रक्तदान शिबिर. रक्तदात्याचे वय किमान १८ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम प्रति डेसीलीटर असावे लागते. अनेक शिबिरांत बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला जातो. थेंब बुडाला तर दाता पात्र ठरतो. तरंगला तर त्याला परत पाठविले जाते.

प्रस्तुत लेखिकेने अशा शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर काम केले आहे. मोठ्या उत्साहाने आलेल्या मुली एकामागून एक परत जाताना पाहणे हा तेथील नेहमीचा अनुभव. ‘रक्त कमी आहे, पालेभाज्या खा’ एवढे ऐकून त्या जातात आणि सायंकाळी आपण जमा झालेल्या पिशव्यांची संख्या अहवालात लिहितो. एका वर्षी प्रथम वर्षातील एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, कमी म्हणजे किती कमी? आणि आता मी कुठे जाऊ?” त्या प्रश्नाचे उत्तर लेखिकेजवळ नव्हते. परत पाठविलेल्यांची यादी ठेवण्याचे आमच्यापैकी कोणालाही सुचले नव्हते. हा लेख त्या प्रश्नातून निर्माण झाला आहे.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. रक्तदानासाठी मर्यादा १२.५ ग्रॅम असली, तरी गर्भवती नसलेल्या १२ वर्षांवरील मुलींमध्ये १२ ग्रॅमपेक्षा कमी आणि १५ वर्षांवरील मुलांमध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय मानला जातो. म्हणजे परत पाठविलेली प्रत्येक मुलगी रुग्ण नसते. परंतु तिची पुढील तपासणी होणे अगत्याचे असते.

समस्येची व्याप्ती :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुली व ३१.१ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण अनुक्रमे ५४.१ व २९.२ टक्के होते. महाराष्ट्रातही या वयोगटातील निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या आहेत. याउलट २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे ४० टक्के मुली व १८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. दोन्ही सर्वेक्षणांचे वयोगट वेगळे आहेत. शिवाय पहिल्यात बोटातून, तर दुसऱ्यात शिरेतून रक्त घेतले गेले. त्यामुळे आकडे पडताळून वापरावेत हे खरे. परंतु सर्वांत कमी आकडा धरला तरी साठ मुलींच्या वर्गात सुमारे चोवीस मुली रक्तक्षयग्रस्त असू शकतात, हे आपण विसरता कामा नये.

कारणमीमांसा :

१) वाढते वय व मासिक पाळी : किशोरवयात शरीराची वाढ वेगाने होते व लोहाची गरज वाढते. मुलींमध्ये प्रत्येक पाळीत साधारणपणे ३० ते ४० मिलिलीटर रक्त जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलीला दररोज ३२ मिलिग्रॅम, तर त्याच वयाच्या मुलाला २६ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावयास हवे.

२) आहार : सोलापूर जिल्हा हा ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. भाकरी, शेंगाची चटणी आणि पातळ आमटी हा येथील सर्वसामान्य कुटुंबाचा आहार आहे. हा आहार सकस असला, तरी १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅमच लोह असते. दिवसाला २०० ग्रॅम ज्वारी खाणाऱ्या मुलीला त्यातून जेमतेम ८ मिलिग्रॅम लोह मिळते आणि धान्यातील फायटेटमुळे त्यातलाही अल्प अंशच शरीरात शोषला जातो. जेवणासोबत घेतलेला चहा हे शोषण आणखी कमी करतो. लिंबू, पेरू, आवळा यांतील ‘क’ जीवनसत्त्व मात्र ते वाढविते. भाकरी सोडण्याचे कारण नाही. तिच्यासोबत मोड आलेली मटकी, हुलगे, मेथी, शेपू आणि वर पिळलेले लिंबू आले पाहिजे. मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण व कलेजी हे लोहाचे उत्तम स्रोत होत.

३) दिनक्रम : अक्कलकोट, मोहोळ, दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून एस.टी.ने येणारे विद्यार्थी पहाटे केवळ चहा घेऊन घर सोडतात व दुपारी उशिरा जेवतात. शहराच्या पूर्व भागातील विडी कामगारांच्या मुली सकाळी घरकाम व विडी वळण्यात आईला हातभार लावून वर्गात येतात. घरात सर्वांचे झाल्यावर उरलेले जेवण्याची रीतही अनेक कुटुंबांत अद्याप आहे.

४) अन्य कारणे : जंत, ‘ब-१२’ व फॉलिक आम्लाची कमतरता, थॅलेसेमिया किंवा सिकलसेल यांसारखे आनुवंशिक विकार यांमुळेही रक्तक्षय होतो. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा माती खाण्याची इच्छा होणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. मुली ते लाजेने लपवितात.

शासकीय प्रयत्न व बारावीनंतरची पोकळी :

रक्तक्षयाच्या अभ्यासाचा एक महत्त्वाचा अध्याय महाराष्ट्रात घडला, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या व त्यांनी कापड गिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल होय. गिरणी कामगार स्त्रियांच्या आजारातून लाभलेले हे ज्ञान आज शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत आहे.

साप्ताहिक लोह व फॉलिक आम्ल पूरक कार्यक्रम २०१२-१३ पासून राबविला जात आहे. २०१८ च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ धोरणानुसार या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. त्याच्या जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी देण्याची तरतूद आहे. लाभार्थी वयोगट १० ते १९ वर्षे असा व्यापक आहे. परंतु वाटपाची यंत्रणा मात्र शासकीय व अनुदानित शाळांतील सहावी ते बारावीचे वर्ग आणि शाळाबाह्य मुलींसाठी अंगणवाडी या दोन खांबांवर उभी आहे. परिणामी, एकाच इमारतीतील बारावीची विद्यार्थिनी या योजनेत बसते आणि तीच विद्यार्थिनी तीन महिन्यांनी प्रथम वर्षात आली की यंत्रणेच्या बाहेर पडते. वयाने ती लाभार्थी आहे, पण तिच्या हाती गोळी देणारे कोणी नाही. नेमक्या याच पोकळीत महाविद्यालयाची जबाबदारी सुरू होते.

उपाययोजना :

१) रक्तदान शिबिरातून परत पाठविलेल्या विद्यार्थ्यांची गोपनीय नोंद ठेवून त्यांना आठवडाभरात शासकीय रुग्णालयात वा नागरी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी पाठवावे. ग्रामीण भागात किशोरवयीनांसाठीच्या ‘मैत्री’ केंद्राचे साहाय्य घ्यावे.

२) प्रथम वर्षाच्या प्रवेशानंतर आरोग्य विभागाच्या सहकार्याने सर्व विद्यार्थ्यांची हिमोग्लोबिन तपासणी करावी. मुलांना वगळू नये.

३) प्राचार्यांनी तालुका अथवा महानगरपालिका आरोग्य अधिकाऱ्यांकडे साप्ताहिक गोळ्यांची लेखी मागणी करावी. वैद्यकीय देखरेखीशिवाय प्राध्यापकांनी परस्पर औषध देऊ नये.

४) आठवड्यातून एकदाची गोळी प्रतिबंधासाठी असते; रक्तक्षय झालेल्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज व साधारणपणे किमान तीन महिने उपचार घ्यावे लागतात, हा फरक समजावून सांगावा. गोळी जेवणानंतर घ्यावी, चहासोबत घेऊ नये. शौचाचा रंग काळा होणे धोक्याचे नाही, हेही आधीच सांगावे. अन्यथा मळमळीच्या भीतीने मुली गोळी टाकून देतात.

५) वेळापत्रकात डबा खाण्यासाठी निश्चित सुट्टी असावी आणि उपाहारगृहात वडापावच्या जोडीला मोड आलेली उसळ, शेंगदाण्याची चिक्की व लिंबू असावे.

६) कोणाचेही हिमोग्लोबिन वर्गात जाहीर करू नये. ‘अशक्त’ हा शिक्का मुलीच्या विवाहापर्यंत तिचा पाठलाग करतो.

समारोप :

तात्पर्य, किशोरवयीनांचा रक्तक्षय हा केवळ वैद्यकीय प्रश्न नाही. तो अध्ययनक्षमतेचा आणि म्हणूनच शिक्षणाचाही प्रश्न आहे. थकलेल्या विद्यार्थिनीपुढे उत्तम व्याख्यान दिले तरी ते तिच्यापर्यंत पोहोचत नाही. वर सुचविलेल्या उपायांना फार मोठा निधी लागत नाही. एक नोंदवही, एक पत्र व एका प्राध्यापकाची जबाबदारी एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. पुढील शिबिरात जमा झालेल्या पिशव्यांच्या संख्येशेजारी परत पाठविलेल्या व नंतर तपासणी झालेल्या विद्यार्थ्यांची संख्याही अहवालात यावी, एवढीच अपेक्षा. “आता मी कुठे जाऊ?” या प्रश्नाचे उत्तर निदान त्या टेबलावर तरी तयार असले पाहिजे.