स्तनाची पुनर्रचना: इम्प्लांट स्नायूखाली की स्नायूवर?

कर्करोगामुळे स्तन काढावा लागला, तर सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून त्याचा आकार पुन्हा घडवता येतो. पहिला प्रश्न असतो तो इम्प्लांट कुठे ठेवायचं याचा.

जुन्या पद्धतीत ते छातीच्या मोठ्या स्नायूखाली ठेवतात. वर स्नायूचं आवरण असल्यामुळे कडा फारशा दिसत नाहीत. पण स्नायू उचलावा लागल्याने दुखतं जास्त, आणि जड दार ढकलताना स्नायू आवळला की स्तनही ओढला जाऊन वेडावाकडा दिसू शकतो.

अलीकडे इम्प्लांट स्नायूवर, त्वचेखाली बसवतात. आधाराला बरेचदा पेशी काढून टाकलेल्या त्वचेचं पातळ आवरण किंवा जाळी वापरतात. स्नायू शाबूत राहतो. मात्र उरलेली त्वचा पुरेशी जाड आणि तिचा रक्तपुरवठा चांगला हवा. नाहीतर इम्प्लांटच्या वळ्या वरून दिसतात, जखम भरायला त्रास होतो.

त्वचा अपुरी किंवा नाजूक असेल, तर काम दोन टप्प्यांत होतं. आधी एक रिकामी पिशवी बसवतात. तिच्या झडपेत सुईने दर एक-दोन आठवड्यांनी थोडं थोडं सलाइन भरतात. त्वचा ताणली गेली की काही महिन्यांनी कायमचं इम्प्लांट.

रेडिएशन घ्यायचं असेल, तर ते आधीच सांगा. त्याने इम्प्लांटभोवती शरीर स्वतः तयार करतं ते आवरण कडक होण्याचा धोका वाढतो. मधुमेह आणि तंबाखूचं व्यसनही लपवू नका. पुनर्रचना नकोच, हाही तितकाच योग्य निर्णय आहे. तो बाईचा स्वतःचा असावा.