मनोरंजननगरी: काही गजबजलेल्या, काही ओस

एखादे मोठे मनोरंजन उद्यान उभे राहिले की त्याच्या यशापयशाची चर्चा नेहमी आतल्या यंत्रांपासून सुरू होते. पाळणा किती उंच आहे, गाडी किती वेळा उलटीपालटी होते, परदेशातून कोणती यंत्रसामग्री आणली आहे, याचीच वर्णने छापून येतात आणि मालकही त्याच भाषेत जाहिरात करतात. वास्तविक गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव निराळा आहे. ज्या उद्यानांनी कोट्यवधी माणसे ओढली आणि ज्यांनी धनकोंना बुडवले, त्या दोहोंतील यंत्रे पुष्कळदा एकाच जातीची होती. निकाल लागला तो फाटकाच्या आत नव्हे, बाहेर. माणूस घरून निघून तेथवर कसा पोचतो, येताना मनात काय घेऊन येतो आणि एकदा येऊन गेल्यावर पुन्हा येण्यास त्याला काय कारण उरते, या गोष्टींनी गर्दीचा आकडा ठरतो. विषय करमणुकीचा असला तरी हिशेब क्षुल्लक नाही. अशा प्रकल्पांत सरकारी जमीन, सरकारी रस्ते आणि बँकांचे, म्हणजे अखेर ठेवीदारांचे, पैसे अडकलेले असतात.

हा हिशेब पहिल्यांदा पद्धतशीरपणे मांडला तो हॅरिसन प्राइस या अर्थतज्ज्ञाने. १९५३ साली वॉल्ट डिस्ने यांनी आपल्या नियोजित उद्यानाची जागा सुचविण्याचे काम स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे सोपविले, तेव्हा प्राइस तेथे कामाला होते. दक्षिण कॅलिफोर्नियातील लोकवस्ती कोणत्या दिशेने सरकते आहे, नवे द्रुतगती मार्ग कोठून जाणार आहेत, कोठे उन्हाळा सुसह्य आहे आणि पाऊस कमी आहे, याचा अभ्यास करून त्यांनी अ‍ॅनाहाइम या आडगावाकडे बोट दाखविले. तेथे तेव्हा संत्र्यांच्या बागा होत्या. डिस्ने यांनी १६० एकर जमीन घेतली आणि १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. उद्घाटनाच्या दिवशी फजितीच झाली. बनावट तिकिटांमुळे अपेक्षेच्या कितीतरी अधिक माणसे आत शिरली, पिण्याच्या पाण्याचे नळ कोरडे होते आणि नुकत्याच टाकलेल्या डांबरात बायकांच्या बुटांच्या टाचा रुतत होत्या. तरीही पहिल्या सात आठवड्यांत दहा लाख माणसे आली. जागा बरोबर निवडली गेली असेल तर ओले डांबरही माफ होते, असाच याचा अर्थ.

प्राइस यांच्या पद्धतीतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उद्यान किती मोठे बांधावे हे त्यांनी वर्षातील सर्वांत गर्दीच्या दिवसावरून ठरविले नाही, तसेच वर्षभराच्या सरासरीवरूनही नाही. गर्दीच्या निवडक दिवसांची सरासरी काढून त्या मापाने रस्ते, खाणावळी आणि खेळांची संख्या ठरवावी, असे त्यांचे सूत्र होते. उद्यान याहून लहान बांधले तर लोक रांगांना कंटाळून परततात आणि परत येत नाहीत. याहून मोठे बांधले तर रिकाम्या अंगणाचे व्याज भरावे लागते. हे सूत्र ज्यांनी पाळले नाही त्यांची उदाहरणे पुढे येतीलच.

डिस्नेलँडचे यश पाहून नक्कल करणारे निघणे स्वाभाविक होते. त्यांतील सर्वांत बोलकी कथा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील 'फ्रीडमलँड'ची. हे उद्यान रचणारे सी. व्ही. वुड हे डिस्नेलँडचेच पहिले सरव्यवस्थापक, म्हणजे विद्या मूळ गुरुकुलातून आलेली. अमेरिकेच्या नकाशाच्या आकारात आखलेले हे उद्यान १९ जून १९६० रोजी सुरू झाले. शिकागोची आग, सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप असे देशाच्या इतिहासातील प्रसंग तेथे रोज घडवून आणीत. आग विझविण्याचा पंप प्रेक्षकांनाही हाणायला मिळे. शेजारी लोकवस्ती अफाट होती. पण भुयारी रेल्वेने थेट पोचता येत नव्हते, न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात उद्यान बंद ठेवावे लागे, आणि आग एकदा विझविल्यावर ती पुन्हा विझवायला कोण येणार? दोनतीन वर्षांतच इतिहास मागे पडून गाण्याचे जलसे आणि साधे पाळणे यांवर भिस्त ठेवावी लागली. १९६४ साली त्याच शहरात जागतिक प्रदर्शन भरले आणि फ्रीडमलँडने दिवाळे काढले. त्या जागेवर आज पंधरा हजारांहून अधिक सदनिकांची वसाहत आहे. जमिनीला खरा भाव घरांचा होता, उद्यान हा मधला मुक्काम होता, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. ते खरे असेल तर हिशेब कोणी चुकविला नव्हता, एवढेच म्हणावे लागेल.

डिस्नेच्या कंपनीला स्वतःला हा धडा पॅरिसमध्ये शिकावा लागला. त्याआधी १५ एप्रिल १९८३ रोजी टोकियोजवळ उरायासू येथे, समुद्र हटवून केलेल्या भरावाच्या जमिनीवर, टोकियो डिस्नेलँड उघडले होते. ते उद्यान 'ओरिएंटल लँड' या जपानी कंपनीच्या मालकीचे; अमेरिकन कंपनीला तिकीट आणि विक्री यांवर केवळ मानधन मिळे. यश असे मिळाले की फक्त मानधन घेतल्याचा अमेरिकेत पश्चात्ताप झाला. म्हणून युरोपात मालकीचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवून, जमीन घेऊन, पाच हजारांहून अधिक खोल्यांची हॉटेले बांधून १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसपासून सुमारे ३२ किलोमीटरवर 'युरो डिस्ने' सुरू करण्यात आले. फ्रेंच सरकारने जमीन शेतजमिनीच्या भावाने दिली आणि उपनगरी रेल्वे थेट फाटकापर्यंत आणून सोडली. म्हणजे प्राइस यांच्या पहिल्या कसोटीला जागा शंभर टक्के उतरली.

नेमकी तीच रेल्वे हॉटेलांच्या मुळावर आली. पॅरिसहून अर्ध्यापाऊण तासात सकाळी यावे आणि रात्री घरी परतावे, मुक्काम कशाला करावा, असा विचार लोकांनी केला. फ्लोरिडात एकच उद्यान नव्हे, तीन उद्याने होती आणि तेथे माणूस चार दिवस राहत असे. पॅरिसच्या एका उद्यानाला फ्लोरिडाचे माप लावण्यात आले. त्यात जेवणाबरोबर वाइन मिळणार नाही हा फ्रान्समध्ये कोणालाही न पटणारा नियम. नाट्यदिग्दर्शिका आरियान म्नुश्किन यांनी या उद्यानाला 'सांस्कृतिक चेर्नोबिल' म्हटले, आणि तो शब्द जगभर गाजला. पण उद्यान त्या टीकेने खचले असे समजणे चुकीचे होईल. पहिल्या वर्षातही कोटीच्या घरात माणसे आलीच. खचले ते कर्जाने. १९९३ च्या आर्थिक वर्षात तोटा पाच अब्ज फ्रँकच्या पुढे गेला, पुढच्या वर्षी पाहुण्यांची संख्या ८८ लाखांवर उतरली आणि बँकांना व्याजावर पाणी सोडावे लागले.

मग जे उपाय झाले ते पाहण्यासारखे आहेत. १९९३ मध्ये वाइन आली. १९९४ मध्ये नाव बदलून 'डिस्नेलँड पॅरिस' झाले. १९९५ च्या वसंतात प्रौढांचे तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर आणले आणि त्याच उन्हाळ्यात ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासावर बेतलेली नवी गाडी सुरू झाली, म्हणजे फ्रेंच माणसाने बालपणी वाचलेली कथा. त्या वर्षी संख्या एक कोटी सात लाखांवर गेली. तिकीट, वाइन आणि व्हर्न यांपैकी श्रेय कोणाचे किती, हा वाद करता येईल. तिन्ही बदल लोकांच्या सवयींकडे पाहून केलेले होते, हे मात्र उघड आहे. इतके शिकूनही २००२ साली शेजारी दुसरे उद्यान उघडताना त्यात मोजकेच खेळ ठेवण्यात आले, आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरविली. अर्धवट वाढलेले ताट ग्राहकाला लगेच ओळखू येते.

टोकियोला याउलट कधी ओहोटी फारशी लागली नाही. २००१ साली तेथे दुसरे उद्यान सुरू झाले ते पूर्ण तयारीनिशी, आणि २०१८-१९ या वर्षात दोन्ही मिळून ३ कोटी २५ लाखांहून अधिक माणसे आली. टोकियो महानगराची तीन कोटींहून अधिक वस्ती लोहमार्गाने जवळ आहे, हे एक कारण. परंतु येणाऱ्यांत बहुसंख्य पूर्वी येऊन गेलेलेच असतात, ही खरी मेख. ऋतूप्रमाणे मिरवणुकी, सजावट आणि खाद्यपदार्थ बदलतात. प्रवासाहून परतताना आप्तेष्टांसाठी काहीतरी घेऊन जाण्याच्या जपानी रीतीमुळे दुकाने भरलेली राहतात. झाडलोट इतकी चोख, की तीही पाहण्यास लोक थांबतात. यांतील एकाही गोष्टीला नवे यंत्र लागत नाही.

यंत्रापेक्षा कथा किती ओढते, याचा जवळजवळ प्रयोगशाळेतला पुरावा फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे मिळाला. 'युनिव्हर्सल' कंपनीच्या 'आयलँड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर' या उद्यानात १९९९ पासून दोन ड्रॅगनांच्या नावाचे जुळे रोलर कोस्टर होते. जून २०१० मध्ये उद्यानाच्या त्या भागाला हॅरी पॉटरच्या गावाचे रूप देण्यात आले. एक मोठा खेळ नवा बांधला, पण जुळ्या कोस्टरचे रूळ तेच राहिले, नाव तेवढे बदलले. उद्योगातील अंदाजांप्रमाणे २००९ साली ४६ लाखांच्या आसपास असलेली वार्षिक संख्या २०११ मध्ये ७६ लाखांच्या पुढे गेली. माणसे जे पाहायला आली ते पुस्तकांतून आणि चित्रपटांतून त्यांच्या मनात आधीच उभे होते.

हाँगकाँगचा अनुभव वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. तेथे २००५ साली उघडलेल्या डिस्नेलँडमध्ये बहुसंख्य भांडवल सरकारचे, म्हणजे करदात्यांचे. उद्यान लहान, खेळ थोडे. २००६ च्या चिनी नववर्षात गर्दी एवढी उसळली की तिकिटे हातात असलेल्यांनाही फाटकावरून परत पाठविण्याची पाळी आली, आणि एकूण वर्षाचा आकडा मात्र उद्दिष्टाला पोचला नाही. गर्दीच्या दिवसांचे माप चुकले की काय होते ते असे. त्याच शहरातील १९७७ पासूनचे देशी 'ओशन पार्क' पुढे काही वर्षे डिस्नेलाही मागे टाकीत होते. पण २०२० साली त्याच ओशन पार्कला वाचविण्यासाठी सरकारला ५४० कोटी हाँगकाँग डॉलर मोजावे लागले. लोकप्रियता ही मुदत ठेव नव्हे.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील चित्र पाहिले तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मुंबईच्या गोराईला १९८९ साली 'एस्सेल वर्ल्ड' आले तेव्हा खाडी ओलांडून लाँचने जाणे हा सहलीचाच भाग होता आणि शाळांच्या सहलींनी मधले वार भरून निघत. दिल्लीचे 'अप्पू घर' १९८४ ते २००८ चालले ते शहराच्या मध्यावर, प्रगती मैदानावर. ते बंद पडले ते माणसे आटली म्हणून नव्हे, जागा गेली म्हणून. एप्रिल २०१३ मध्ये खोपोलीजवळ उघडलेल्या 'इमॅजिका'ची तयारी मात्र पहिल्यापासून परदेशी मापाची होती. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये, द्रुतगती मार्गालगत, अशी ही जागा प्राइस यांनीही कदाचित निवडली असती. खर्च दीड हजार कोटींच्या पुढे गेला. खेळांच्या दर्जाविषयी फारशी कोणाची तक्रार नव्हती. पण स्वतःची गाडी नसलेल्या कुटुंबाला तेथे जाणे म्हणजे लोकल, मग बस किंवा रिक्षा. कोकणातला पाऊस चार महिने कोसळणारा. मे महिन्याचे ऊन. आणि चौघांचे तिकीट, प्रवास व जेवण मिळून होणारा खर्च मध्यमवर्गीय घराने वर्षातून एकदाच करण्याजोगा. 'मिस्टर इंडिया'सारखा एखादा अपवाद सोडला तर पुष्कळशी पात्रेही नव्याने घडवावी लागली. एकदा पाहून आलेल्याने 'पाहिले' म्हणून खूण केली आणि विषय मिटला. कर्ज मात्र दरमहा परत येत राहिले. अखेर कर्जाची पुनर्रचना होऊन २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे या उद्यानाची सूत्रे गेली.

या समूहाचा आधीचा अनुभव शिर्डीच्या जलक्रीडा उद्यानाचा आहे. साईबाबांच्या दर्शनाला येणारे कुटुंब तेथे येतेच. त्याला अर्धा दिवस पाण्यात काढायला लावणे एवढेच काम उरते. गावोगावच्या जत्रांतील आकाशपाळणेवाल्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते गर्दी निर्माण करायला जात नाहीत, देवाच्या नावाने जमलेल्या गर्दीत पाळणा उभा करतात, आणि देव दरवर्षी बोलावतो म्हणून गिऱ्हाईकही दरवर्षी येते.

सरकारी उद्यानांच्या बाबतीत प्रश्न याहून साधा आहे. पैठणला जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर, संत ज्ञानेश्वर उद्यान उभारले गेले. जवळ छत्रपती संभाजीनगरसारखे शहर, वेरूळ-अजिंठ्याचे प्रवासी, आणि नाथषष्ठीला लोटणारे लाखो वारकरी. गर्दीची तजवीज करण्याची गरजच नव्हती. तरीही त्याच्या दुरवस्थेच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या आणि पुनरुज्जीवनाच्या घोषणाही. नव्या उद्यानाच्या भांडवली खर्चाला मंजुरी मिळविणे सोपे असते. कारंजे दहाव्या वर्षी उडते ठेवण्यासाठी माळी, वीजतंत्री आणि झाडूवाला यांच्या पगाराची तरतूद करणाऱ्या अंदाजपत्रकाच्या ओळीला कोणी उद्घाटक मिळत नाही. कोपनहेगनचे टिवोली १८४३ पासून रेल्वे स्थानकाजवळच्या वीस एकरांत चालले आहे. तेथील लाकडी गाडी १९१४ सालची आहे आणि तिच्यावर ब्रेक लावायला आजही एक माणूस बसतो. त्याचा पगार तेवढा नियमित होतो.