जमेल का? सोळा आण्यांत किती?

तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे आहेत, पण मोजणाऱ्या दाईला मोठे आकडे येत नाहीत. मग? १९८६मध्ये गडचिरोलीत आलेल्या राणी आणि अभय बंग यांनी यासाठी श्वासमापक तयार केला: मिनिटाची रेतीघडी आणि मण्यांची ओळ, तिच्या शेवटी लाल मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. रेती संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया!

श्वास निदान डोळ्यांना दिसतो. मनातला भरवसा कसा मोजायचा?

शुगरच्या आजारात तो मोजावा लागतो, कारण गोळी, जेवण, चालणे हे सगळे रोज रोगी स्वतःच सांभाळतो. एखादी गोष्ट आपल्याला करता येईल असे वाटणे आणि ती प्रत्यक्ष हातून होणे, यांचे घट्ट नाते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांनी १९७७मध्ये मांडले. त्यातूनच पुढे भरवसा मोजणाऱ्या प्रश्नावल्या आल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मधुमेहावरील प्रश्नावलीत आठच प्रश्न आहेत आणि उत्तर १ ते १०मध्ये द्यायचे. तिचे मराठीत भाषांतर करायला एक दुपार पुरेल, असे वाटते.

पण पहिल्याच क्रियापदाशी पेन थांबते. ‘करू शकाल का?’ हे पुस्तकी झाले. ‘कराल का?’ म्हटले, तर तो इरादा झाला; बंडुरांना इरादा नको, क्षमता हवी. ‘करता येईल का?’ यात कसब येते, जसे पोहता येते. उरते ‘जमेल का?’ किती गोड शब्द! पण त्यात क्षमतेबरोबर सवडही येते, घरचे काय म्हणतील तेही येते. शिवाय पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत पाहुण्याला सहसा ‘हो जी, जमते’ असेच उत्तर मिळणार.

भाषांतर दुसऱ्याकडून पुन्हा मूळ भाषेत करून ताडून पाहण्याची पद्धत आहे. तिच्यात शब्दांची चूक सापडते, पण वाघ सापडत नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम जमेल का, असे ब्रह्मपुरीजवळच्या बाईला विचारले. तिच्या मनात पहाटेची वाट आली, वाटेवरचे ठसे आले. ती ‘२’ म्हणाली. कागदावर तिचा आत्मविश्वास कमी ठरला. खरे तर तिने जंगलाचे मोजमाप सांगितले होते. दर चार-पाच तासांनी जेवणे जमेल का, हा प्रश्न रोवणीत वेगळा आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत आणखी वेगळा. म्हणून मसुदा आधी माणसांपुढे मोठ्याने वाचायचा आणि विचारायचे: ‘यातून तुम्हाला काय समजले?’ मला हा सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

आणि १ ते १० तरी का? ‘सोळा आणे खात्री’ आपण आजही म्हणतो. ‘बारा आणे’ म्हटले की चार आण्यांची धाकधूक आपोआप कळते. भामरागडकडे गेलात, तर माडिया ही द्रविड कुळातली बोली. तिथे ‘जमेल’सुद्धा मागे ठेवून शब्द नव्याने शोधायचा. सोबत दहा मणी न्यायचे. जेवढा भरवसा, तेवढे सरकवायला सांगायचे.